लई उचल झाली

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंत शाळा झाली, तीही मध्ये मध्ये सुटलेली. ऊस हा शब्द पहिल्या उकाराचा की दुसऱ्या, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं तोडला, पण लिहायची वेळ आली तेव्हा लेकीला विचारावं लागलं. कोयता धरून धरून उजव्या हाताची बोटं आता पुरती सरळ होत नाहीत. पेन सटकतो आणि ओळ उतरणीला लागते. त्याची माफी असावी. खरं तर हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चारचौघांत तोंड उघडलं की माझा घसा कोरडा पडतो. कागदापुढं तसं होत नाही, म्हणून लिहिते.

दसरा झाला आणि गावात ट्रॅक्टर लागले. परवापासून आमच्या गल्लीत तेच चाललंय. पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, कोपीच्या म्हणजे फडावरच्या झोपडीच्या चटया, ताडपत्री, पाण्याचं पिंप, एखादी शेळी, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या. सगळ्यात वर पोरं. ट्रॉली हलली की आधी भांडी वाजतात, मग माणसं रडतात. हा आवाज मी दरवर्षी वरून ऐकला होता. औंदा पहिल्यांदा खाली उभं राहून ऐकला.

शेजारची चंद्रकला ट्रॉलीत पोत्यावर बसली होती. मला बघून ओरडली, "काय गं, बागायतदारीण झालीस व्हय आता? आमालाबी ठिव की खुरपायला!"

सगळी ट्रॉली हसली. मीही हसले. ट्रॅक्टर वळणावर गेला, धूळ बसली, आणि गल्लीत इतकं सामसूम झालं की टाकीच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. दारोदार कुलपं. उरलेली म्हातारी माणसं एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसतात, कारण आपल्या ओट्यावर बसलं की समोरचं कुलूप दिसतं. गाव असं लहान लहान होत जाताना मी ट्रॉलीतून पाहिलं आहे. मागं राहणाऱ्याला काय दिसतं ते माहीत नव्हतं. मागं राहणाऱ्याला ट्रॉली लहान होताना दिसते. माझ्या लेकीनं, सुजातानं, हे इतकी वर्षं पाहिलं असणार, हे मला परवा कळलं.

जे ऊस तोडत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, पण मोजायला एक. टोळी नेणारा मुकादम विचारतो, "औंदा कोयते किती?" तेव्हा तो जोड्या विचारत असतो. आणि उचल म्हणजे हंगामाच्या आधीच त्याच्याकडून घेतलेले पैसे. मग सहा महिने ऊस तोडून ते फेडायचे. फिटले नाहीत तर पुढच्या सालावर चढतात. आमच्याकडं म्हणतात, उचल अंगावर राहिली.

आमच्या अंगावरची उचल सासऱ्यांच्या दवाखान्याची. बीडच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. दर दोन दिवसांनी आमचे हे मुकादमाकडं जायचे आणि थोडे आणखी उचलून आणायचे. सासरे गेले. पैसे राहिले. मेलेल्या माणसाचं दुखणं आम्ही जिवंतपणी तोडत बसलो.

त्याच साली सुजाताला पहिल्यांदा मागं ठेवलं. त्याआधी ती माझ्याबरोबर फडात, म्हणजे तोडीच्या उसात असायची. उसाच्या सावलीला पोतं अंथरून तिला बसवायची, पायाला दोरी बांधायची, आणि मोळी बांधता बांधता मान वळवून बघायची. पण त्याच्या आदल्या हंगामात जवळच्या फडात एक लेकरू उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात झोपलं होतं आणि ट्रॅक्टर मागं घेताना कुणाला दिसलं नाही. एवढंच लिहिते. त्यानंतर मी ह्यांना म्हटलं, पोरगी नेणार नाही.

थोरली जाऊ गयाबाई गावातच असते. थोरल्या दिरांचं शिवणाचं मशीन आहे, त्यावर त्यांचं भागतं, म्हणून ती दोघं ऊसतोडीला जात नाहीत. त्यांना लेकरू नाही. जाऊ म्हणाली, "ठिव माझ्यापाशी. माझं घर तरी वाजंल." तिनं मनापासून सांभाळलं. हे आधी लिहायला हवं, कारण पुढं मी जे लिहिणार आहे त्यात तिचा काही दोष नाही.

सुजाता तेव्हा चार वर्षांची. बोलायला चुणचुणीत, पण चालायचा कंटाळा. चार पावलं टाकली की दोन्ही हात वर. "उचल. उचल ना गं मला." मी पाणी घेऊन येत असले तरी एका कमरेवर कळशी आणि दुसरीवर ती. थोरले दीर मशीनवरून म्हणायचे, "लई उचलू नगं तिला. सवय लागली का जड जाईल."

निघायच्या आदल्या दिवशी मुकादम आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. ह्यांना म्हणाला, "लई उचल झाली बरं का. आता फिटूस्तर सुटका न्हाई. जावंच लागंल." सुजाता माझ्या कडेवर होती. ती ऐकत होती की नाही, माझं लक्ष नव्हतं.

आम्ही कोल्हापूरकडं गेलो. तिकडचा ऊस दाट. सकाळी दव असतं, पाचट ओलं असतं, हात चिरले तरी लगेच कळत नाही. ऊन चढलं आणि घाम त्यात गेला की मग एकेक चीर आपली आठवण करून देते. नदी जवळ, माती काळी, जिकडं बघावं तिकडं हिरवं. गाववाल्यांची घरं रंगवलेली, दारात म्हशी, म्हशींपुढं आम्हीच तोडलेले उसाचे हिरवे शेंडे. आम्ही त्यांना वाढे म्हणतो. ते विकून आठवड्याचा बाजार होतो. आमच्या कोप्या गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला. तिथून गावातले दिवे दिसायचे.

आमच्या फडाला लागून एका काकींची जमीन होती. तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या चांगल्या. त्यांच्या भुईमुगात गावातल्या बायका कामाला होत्या. एकदा बांधावर पाणी प्यायला गेले तर काकी म्हणाल्या, "काय ओ बाय, उसाचं काम नसंल तवा आमच्यात भांगलायला या की."

मला काही कळलं नाही. मी हळूच विचारलं, "भांग पाडायला?"

त्या बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातातलं खुरपं पडलं. दुसरी म्हणाली, "या, या, माझाबी पाडा! दोन दिस झालं फणी न्हाई लावली!" काकींनी डोळे पुसत समजावलं की भांगलण म्हणजे रानातलं गवत काढणं. म्हणजे आमची खुरपणी. मी मान खाली घातली.

मग काकींनी विचारलं, "तुमच्याकडं बायकास्नी हजेरी किती हाय?"

हजेरी म्हणजे दिवसाची मजुरी. मी आकडा सांगितला.

कुणी हसलं नाही. काकी म्हणाल्या, "दिवसभराची? का दुपारपातूरची?"

"दिवसभराची."

"अगं बया. मग उन्हात जायाचंच कशाला? घरात झोपून ऱ्हावं की!"

त्यांची हजेरी त्यांनी सांगितली. आमच्याकडं दोन दिवस वाकलं की जेवढं पदरात पडतं, तेवढं तिकडं एका दिवसात. तेच खुरपं, तेच गवत, वाकणाऱ्या बाईची कंबरही तीच. नुसतं खुरपणीचं नाव भांगलण झालं की पैसे दुप्पट. त्या बायका पाचला हातपाय धुऊन घरी जात होत्या. एक जण म्हणाली, लवकर जाते गं, पोरगं शाळेतून आलंय. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. मला तिची हजेरी नको वाटली, तिचं पाचला घरी जाणं हवं वाटलं.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "इथंच ऱ्हायलो तर? मी भांगलायला जाईन. पोरीला आणू. इथल्या शाळंत घालू."

हे कोयत्याला धार लावत होते. म्हणाले, "आपुन इथं आपल्या पायानं आलो का? उचलीनं आलो. टोळीतून निघालो का मुकादम दारात उभा ऱ्हातो. आन् हितले लोक घर देतेत का आपल्याला? ऊस हाय तवर बरं बोलतेत."

ते खरं होतं. टनाचा भाव ठरलेला, आणि त्यातून आधी उचल कापायची. पाण्याकाठी आम्ही राहत होतो, पण पाण्याकाठचा भाव आमचा नव्हता. काकींनी पुन्हा विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं असेल, बाईला कामाचा कंटाळा.

आठवड्यातून एकदा जावेच्या फोनवर बोलणं व्हायचं. म्हणजे जाऊ बोलायची, मी हूं हूं करायची. सुजाताला फोन दिला की ती नुसता श्वास घ्यायची. मागून जावेचा आवाज, "बोल की गं, आई हाय." श्वास. "काय खाल्लंस?" श्वास. मग थोरले दीर फोन घ्यायचे आणि म्हणायचे, "फ्रॉकची शिवण दोन बोटं सोडली बरं का." ते शिवणारे, त्यांना वाढ अशीच सांगता यायची. मी कोपीत बसून आपलीच दोन बोटं जोडून बघायची. एवढी वाढली. पुढं एकदा म्हणाले, "आता सोडायला कापडच ऱ्हायलं न्हाई, नवा शिवला." जुन्या फ्रॉकमधली सुजाता मला पाठ होती. नव्या फ्रॉकचा रंग विचारायला मी लाजले.

एकदा फोनवर तिनं जावेला हाक मारलेली ऐकली. "माय, हिला ठिवू का आता?" माय ती, आणि ही मी.

त्या साली पाऊस उशिरापर्यंत होता, ऊस संपता संपेना. एरवी आम्ही चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत घरी असतो. गल्लीत निळ्या पताका लागतात, विहारापुढं पोरींचं लेझीम, घरोघरी पाहुणे. त्या साली जयंतीला आम्ही फडात होतो. टोळीतल्या आमच्या पाच-सहा घरांनी पेटीवर तसबीर ठेवली, मेणबत्ती लावली. वाऱ्यानं ती राहीना, म्हणून एकीनं पदराचा आडोसा धरला. वंदना म्हटली आणि पुन्हा कोयते घेतले. दुपारी फोन लावला तर पलीकडून लेझमीचा आवाज इतका होता की बोलणं ऐकूच आलं नाही. जाऊ ओरडून सांगत होती, "सुजाता नाचायली! निळा फ्रॉक घातलाय!" मी फोन कानाला लावून बसले. पैसे संपेपर्यंत गावाचा आवाज ऐकला. फ्रॉकचा रंग मात्र कळला.

पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. आम्ही फाट्यावर उतरलो. मी सामान ह्यांच्यावर टाकून पुढं पळतच निघाले. सुजाता जावेच्या ओट्यावर चिंचोके खेळत होती. मी दोन्ही हात पुढं केले. ती उठली, माझ्याकडं नीट बघितलं, आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"चालते मी. उचलू नगं."

जाऊ हसली, "बग, लेक मोठी झाली तुझी!" दीर हसले. मीही हसले. रात्री ती जावेजवळ झोपली. मी म्हटलं, होईल सवय, चार दिवस जाऊ द्या.

चार दिवस गेले, पंधरा गेले. ती माझ्याबरोबर यायची, जेवायची, वेणी घालून घ्यायची. फक्त उचलून घेऊ द्यायची नाही. एकदा विहिरीवरून येताना तिच्या पायात बाभळीचा काटा गेला. काटा मी काढला, पण टोक आत राहिलं. डोळ्यांतून पाणी, तरी लंगडत चालायला लागली. मी म्हटलं, "ये, उचलते."

"नगं. उचल व्हईल."

"काय व्हईल?"

"उचल. लई उचल झाली का तुला जावं लागतं. मुकादम म्हणलाता. मी लई उचल उचल केलं म्हणून तू गेलतीस."

मी कळशी खाली ठेवली. ठेवली म्हणजे सुटली. पाणी वाटेवर पसरलं आणि तिथंच मुरलं. सहा महिने ही पोर असं समजून बसली होती की आपण आईच्या कडेवर फार बसलो, म्हणून आई गेली. एकीकडं काकाचं बोलणं, लई उचलू नगं. दुसरीकडं मुकादमाचं, लई उचल झाली. तिनं दोन्ही जोडून आपल्या अंगावर घेतलं होतं. मोठ्या माणसांनी घेतलेली उचल ती चार वर्षांची पोर फेडत होती, न रडता, पायी चालून.

मी तिला जवळ बसवून समजावलं. "ती उचल येगळी गं बाई. ते पैसे असतेत."

"पैसे कावून घेतले मग?"

"तुझ्या आज्ज्याच्या दवाखान्याला."

तिनं काट्याची जागा दाबून बघितली. मग म्हणाली, "आज्जा तर मेला."

तिला पटलं की नाही कोण जाणे. घरापर्यंत ती टाच उचलून, माझ्या पदराचा शेव धरून चालत आली. दसऱ्याला मी पुन्हा गेले. म्हणजे तिचंच खरं ठरलं.

त्यानंतर किती हंगाम गेले ते मोजत बसत नाही. एक साल ह्यांच्या पाठीत उसण भरली आणि खाडे पडले. जेवढी उचल उतरली होती तेवढी परत चढली. एक साल फडात मशीन आलं. ऊस असा कापत गेलं की आम्ही बांधावर बसून बघत राहिलो. लोक सांगत होते, मशीनला टनामागं आपल्यापेक्षा जास्त मिळतात. चंद्रकला म्हणाली, "त्याला लेकरं नसतेत म्हणून आसंल." हसलो आम्ही. एकदा बाजाराच्या दिवशी काकी भेटल्या, विचारलं, "पोरगी केवढी झाली?" मी दोन बोटं दाखवणार होते, मग हात छातीपर्यंत नेला.

गेल्या हंगामानंतर, जयंती होऊन गेल्यावर, आम्ही दोघं मुकादमाच्या घरी गेलो. नांदूरघाटच्या बाजारात दोन शेळ्या विकल्या होत्या, हंगामाचं काही शिल्लक होतं. मी उंबऱ्यापाशी बसले, नेहमीसारखी. ह्यांनी पैसे पुढं केले. मुकादमानं थुंकी लावून मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाला, "फिटली बग. निल."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की काहीतरी होईल. काही झालं नाही. आत कुणीतरी मिक्सर लावला होता, त्याचाच आवाज.

लगेच त्यानं तोच हात खिशाकडं नेला. "बरं, औंदाची किती धरू? लोकं आत्तापासनंच नेऊ लागलेत."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न आला की हे मुकादमाकडं बघायचे, मी जमिनीकडं.

"नगं," मी म्हटलं.

मुकादम खरंच दचकला. "आरं, वैनी बोलतेत व्हय! मला वाटलं मुक्या हाईत." मग ह्यांना, "अर्ध्या कोयत्यावर काय करशील बे? इथल्या हजेरीत भागतं का?"

भागत नाही. ते मला त्याच्याइतकंच माहीत आहे. हे आता बीडला बांधकामावर जातात, आठवड्यानं येतात. मी इथं कापूस वेचते, खुरपायला जाते, आणि काकींच्या बायका ज्या पैशाला घराबाहेर पडणार नाहीत त्या पैशात दिवस काढते. कधी कधी वाकलेली असताना मनात येतं, हेच गवत आहे, फक्त ते तीन-चार जिल्हे अलीकडं उगवलं आहे. कुणाला विचारावं तर विचारायचं कुणाला? पण पाच वाजता मी घरी येते. त्याच्यासाठी अर्धा भाव मी कबूल केला आहे.

मुकादमाकडून आम्ही परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. सुजाता तेव्हा आठवीत जाणार होती. माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. जावेच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, "सगळी फिटली गं. आता मी कुठं जात न्हाई."

तिनं पुस्तकातून मान वर केली. "हो का? बरं झालं," म्हणाली. चांगली पोर आहे, चांगल्या आवाजात म्हणाली. पाहुण्याला म्हणतो तसं. मग विचारलं, "पाणी आणू का तुला?"

पाणी आणलं. मी प्यायले. तिनं तांब्या आत ठेवला आणि आतूनच विचारलं, "माय, भाकरी मी टाकू का?" हाक मला नव्हती. मी ओट्यावरून उठून आमच्या घरी आले, कुलूप काढलं. सहा महिन्यांची धूळ आठवडाभर झाडूनही कोपऱ्यात राहिली होती, ती झाडायला घेतली. अंधार पडला तशी ती दारात येऊन म्हणाली, "जेवायला माय बोलावतीय तुमाला दोघांना." आणि गेली.

हे बाजेवर बसले होते. त्यांनी खिसा उलटा करून दाखवला, रिकामा. कुणाचं काही देणं राहिलं नव्हतं. सगळे पैसे फिटले होते.